प्रश्न आजच विचारावेत
(प्रार्थनामंदिराच्या सभागृहात हव्दालानंतर झालेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून)



आपत्तीच्या वेळी मदतकार्य करणाऱ्या स्वयंसेवकांचे प्रशिक्षण, या विषयावर बोलण्याची आज्ञा अध्यक्षांनी मला केली आहे. मी पेशाने परिचारिका. निवृत्तीनंतर अशा स्वयंसेवकांना शिकवण्याचे काम करते. तरीही आजची सुरुवात मी रुग्णालयातून न करता आपल्या धर्मग्रंथांतून करणार आहे, कारण या विषयाचा पहिला धडा तेथेच आहे.

मिश्नाच्या योमा या भागात, आठव्या अध्यायात, एक प्रसंग मांडला आहे. शब्बाथच्या दिवशी बांधकाम कोसळले. ढिगाऱ्याखाली कोणी आहे की नाही, हे ठाऊक नाही. असल्यास तो जिवंत आहे की मृत, यहुदी आहे की परका, हेही ठाऊक नाही. मिश्नाचा निर्णय असा की, इतक्या शंका असल्या तरी ढिगारा उपसावा. जीव वाचवण्याच्या कामी शब्बाथ आडवा येत नाही.

यरुशलमी तालमूद याच संदर्भात तीन माणसांचा विचार करतो. जो तत्परतेने धावतो, त्याची तो प्रशंसा करतो. जो अशा घटकेला ‘हे चालेल का?’ असे विचारण्यासाठी रब्बींकडे जातो, त्याला तो रक्तपाताचा दोषी ठरवतो. आणि ज्याला विचारले जाते त्या विद्वानालाही तो दूषण देतो. आता त्या विद्वानाचा काय अपराध? भाष्यकारांचे उत्तर असे की, ही गोष्ट त्याने लोकांना आधीच शिकवून ठेवायला हवी होती. लोकांना ऐन वेळी विचारायला यावे लागले, याचा अर्थ शिकवण्यात कसूर झाली.

प्रशिक्षण म्हणजे नेमके हेच. जे प्रश्न संकटाच्या क्षणी विचारायला सवड नसते, ते शांततेच्या दिवसांत विचारून, उत्तरे हातांना शिकवून ठेवायची. तत्परता स्तुत्य खरी, पण तयारीवाचून तत्परता किती महाग पडते, याचेही उदाहरण आपल्यासमोर आहे.

19 सप्टेंबर 1985 रोजी मेक्सिको शहरात मोठा भूकंप झाला. इमारती कोसळल्या. सामान्य नागरिक आपण होऊन पुढे आले आणि त्यांनी आठशेहून अधिक माणसे जिवंत बाहेर काढली. परंतु त्या पंधरा दिवसांत यांपैकी शंभराहून अधिक स्वयंसेवकांनी स्वतःचे प्राण गमावले. त्यांच्या धैर्यात काहीच उणे नव्हते. उणे होते ते ज्ञान: कोणत्या भिंतीखाली शिरू नये, मागे केव्हा फिरावे, आत जाताना बाहेर कोणाला ठेवावे. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने नागरिकांसाठी प्रशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू केला, आणि पुढे तो अमेरिकाभर पसरला.

म्हणून आमच्या वर्गातला पहिला धडा धावण्याचा नसतो, थांबण्याचा असतो. दारात उभे राहून पाहायचे: गॅसचा वास येतो का, विजेची तार लोंबते आहे का, भिंतीला नवी भेग आहे का. पायांत बंद बूट हवेत, कारण काचांवरून चालावे लागते. गॅसचा कॉक आणि विजेचा मेन स्विच बंद करायचा. एकट्याने कधीही आत जायचे नाही. नेहमी जोडी हवी. जो मदतीला गेला तोच अडकला, तर येणाऱ्या पथकावर आणखी एका जीवाचा भार पडतो.

दुसरा धडा, कोणाकडे आधी जायचे. आपले मन आक्रोश करणाऱ्याकडे ओढले जाते. परंतु जो ओरडतो आहे त्याचा श्वास चालू आहे. जो गप्प पडला आहे त्याच्याकडे आधी पाहावे लागते. म्हणून प्रथम मोठ्याने सांगायचे: ‘ज्यांना चालता येते त्यांनी या बाजूला या.’ जे उठून आले ते थोडा वेळ थांबू शकतात. उरलेल्यांचा श्वास पाहायचा, रक्तस्राव पाहायचा, सांगितलेले समजते का ते पाहायचे. हातापायातून रक्त वाहत असेल तर जखमेवर दोन्ही हातांनी घट्ट दाब द्यायचा. तेवढ्याने भागले नाही, तर जखमेच्या वरच्या बाजूला टूर्निकेटचा पट्टा आवळायचा आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवायची. तो पट्टा मध्येच सैल करायचा नाही.

तिसरा धडा ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. एखाद्याचा पाय जड वस्तूखाली बराच वेळ दबलेला असेल, तर ती वस्तू झटकन उचलून त्याला ओढून काढणे हे त्याच्या प्राणांवर बेतू शकते. दबलेल्या स्नायूंतून पोटॅशियम आणि इतर द्रव्ये सुटलेली असतात. दाब हटताच ती रक्तात मिसळतात. हृदय बंद पडू शकते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशा माणसाला सोडवण्यापूर्वी वैद्यकीय पथकाने शिरेतून द्रव देणे आवश्यक असते. तेव्हा 101 वर मागेन दावीद आदोमला कळवायचे, किती वेळ पाय दबला आहे ते सांगायचे आणि पथक येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहायचे. हेही मदतकार्यच आहे, आणि ते फार अवघड आहे.

आता आपल्या देशाचा विचार करू. सायरनची आपल्याला सवय झाली आहे. 1991 च्या आखाती युद्धानंतर, 1992 मध्ये, पिकूद हाओरेफची स्थापना झाली आणि तेव्हापासून घरोघरी सूचना पोहोचल्या आहेत. परंतु ही भूमी मृत समुद्राच्या भूभ्रंशावर वसलेली आहे, याची आठवण आपण क्वचितच ठेवतो. 1837 च्या भूकंपात त्सफात आणि तिबेरिया ही गावे उद्ध्वस्त झाली. 1927 च्या जुलैत यरुशलेमपर्यंत घरे पडली. क्षेपणास्त्राचा सायरन झाला की आपण ममादमध्ये जाऊन दार घट्ट लावतो. भूकंपात नियम निराळा आहे. काही क्षणांत मोकळ्या जागी पोहोचता येत असेल तर बाहेर पडायचे. ते शक्य नसेल तर ममादमध्ये जायचे, पण दार उघडे ठेवायचे, नाहीतर चौकट वाकून आपण आतच कोंडले जाऊ. ममाद नसेल तर जिन्यात जायचे आणि जमल्यास तसेच बाहेर पडायचे. घाबरलेला माणूस सवयीचेच करतो. म्हणून ही दुसरी सवय सरावाने लावून घ्यावी लागते.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे 1950 आणि 1960 च्या दशकांत या देशात आली आणि त्या काळच्या वसाहतींत राहिली. पुष्कळ वडीलधारे आजही त्याच इमारतींत आहेत: तिसरा मजला, लिफ्ट नाही, ममाद नाही. 2005 मध्ये सरकारने तामा 38 ही योजना आणली, ती 1980 पूर्वी परवाना मिळालेल्या इमारतींना भूकंपासाठी बळकटी देण्याकरिताच. सर्व इमारतींना ती लाभली नाही. ज्या इमारतींना लाभली नाही, त्यांत आपले आईवडील झोपलेले असतात.

मोठी पथके येतात, पण त्यांना वेळ लागतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला धरणी हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होऊन गणपतींचे विसर्जन झाले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. सुमारे दहा हजार माणसे गेली. लष्कर आले, जगभरातून मदत आली. परंतु अंधारात पहिले दगड उचलले ते वाचलेल्या गावकऱ्यांनी. 2001 मध्ये भूज येथील भूकंपानंतर आपल्या देशाने तेथे क्षेत्ररुग्णालय उभारले, याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. पण विमानाने गेलेले रुग्णालय पोहोचेपर्यंत ढिगाऱ्याखालचे पहिले तास सरलेले असतात. ते तास शेजाऱ्याच्या हाती असतात. आपल्या परंपरेत सांगतात की, नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांना आसरा मिळाला तोही किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांचा.

आणि एक गोष्ट अशी आहे की, ती कोणतेही सरकारी पथक आपल्यासाठी करू शकणार नाही. वय झालेला माणूस घाबरला की नंतर शिकलेली भाषा आधी विसरतो. चाळीस-पन्नास वर्षे हिब्रूत बाजारहाट केलेल्या आजी धुळीत आणि अंधारात ‘अगं, मला काही दिसत नाही गं’ असे मराठीतच म्हणतील. पथकातला तरुण प्रेमळ असेल, कुशल असेल, पण त्याला ते समजणार नाही. ‘आजी, तुमचा पाय हलतो का? औषध कधी घेतलंत? घरात आणखी कोण आहे?’ हे विचारणारा आवाज आपल्यातूनच उभा राहिला पाहिजे.

तो आवाज कसा असावा, हेही शिकावे लागते. तेल-हाय येथील प्राध्यापक मोशे फार्ही यांनी मानसिक प्रथमोपचाराची एक पद्धत घडवली आहे. घाबरलेल्याला ‘शांत व्हा, काही झालं नाही’ असे सांगत बसू नये. त्याला कुरवाळत बसण्यापेक्षा लहानसे काम द्यावे, साधा प्रश्न विचारावा, दोन गोष्टींतून एक निवडायला सांगावे. ‘काका, ही विजेरी धरा. आपण जिन्यात बसायचं की बाहेर?’ झाले ते क्रमाने सांगावे: आवाज झाला, भिंत पडली, आता तो भाग संपला, मी तुमच्याजवळ आहे. असहाय झालेल्या मनाला आपण अजून काही करू शकतो असे वाटू लागले की ते सावरते.

आता मागणीकडे येते. गेमारा सांगते आणि रांबामही तेच लिहितात की, शब्बाथच्या दिवशी जीव वाचवण्याचे काम मुलांवर किंवा परक्यांवर सोपवू नये. ते समाजातील थोर आणि ज्ञानी माणसांनी स्वतः करावे. म्हणून या यादीत पहिली नावे तरुणांची नकोत. ती आपल्या समितीची, हझानसाहेबांची आणि माझ्यासारख्या पांढऱ्या केसांच्या मंडळींची असावीत. ज्यांना ढिगारा उपसता येणार नाही त्यांच्यासाठीही काम आहे: दूरध्वनीजवळ बसणे, नोंद ठेवणे, चहापाणी पाहणे, वाट पाहणाऱ्या नातलगांजवळ बसणे.

समितीपुढे मी तीन गोष्टी ठेवल्या आहेत. पहिली, एक वही. तिच्यात आपल्यातील प्रत्येक एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्या व्यक्तीचा मजला, चालण्याची अडचण, रोजची औषधे आणि जवळच्या नातलगाचा दूरध्वनी असेल. ही माहिती त्या व्यक्तीच्या संमतीनेच घ्यायची, कुलपात ठेवायची आणि दर सहा महिन्यांनी ताजी करायची. दुसरी, प्रत्येक अशा घरासाठी चालत पोहोचता येईल इतक्या अंतरावर राहणारी दोन माणसांची जोडी. तिसरी, मराठीतून वर्ग. दर शनिवारी हव्दालानंतर दीड तास, याच सभागृहात. वर्गात आपण बाहुलीच्या छातीवर दाब देऊ, एकमेकांना स्ट्रेचरवर उचलू, दिवे मालवून जिना उतरू.

तुमच्या मनात शंका असतील. शब्बाथला फोन उचलायचा का, शेजारी आपल्या समाजाचा नसेल तर काय, आपले वय झेपेल का. या सर्व शंका आज, येथे विचारा. पहिल्या दोघींचे उत्तर मिश्नाने दिलेलेच आहे. तिसरीचे उत्तर आपण वर्गात मिळून शोधू. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. जाताना आपले नाव लिहा, आणि शेजारच्या जिन्यात कोण एकटे राहते तेही आठवून पाहा. त्यांच्याकडे उद्याच जा आणि वहीत नाव घालू का, असे विचारा.