झोपलेला लॅपटॉप मेला असं समजू नका



विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही, त्यांवर आपल्यातले काही जण लिनक्स टाकतात. चांगलंच आहे. पण मग एक तक्रार मी वडाळ्यापासून चौक मंडईपर्यंत ऐकतो. झाकण मिटलं, परत उघडलं, तर स्क्रीन काळी. पंखा फिरतोय, दिसत काहीच नाही. दुकानात नेलं की उत्तर ठरलेलं: मदरबोर्ड गेला.

दोन खोल्यांचं घर, लॅपटॉप एकच. मुक्त विद्यापीठाची असाइनमेंट लिहिणारी मुलगी रोट्या करायला उठते, ती झाकण मिटूनच. हा बिघाड म्हणजे तिचं दोन तासांचं लिखाण गेलं, वर हजारोंचा खर्च. म्हणून पैसे देण्याआधी पुरावा मागा. आणि मुलींनो, हे काम भावावर सोपवू नका.

सस्पेंडमध्ये रॅमला वीज मिळत राहते, बाकी जवळपास सगळं थांबतं. उठताना प्रत्येक ड्रायव्हरने आपापलं उपकरण जागं करायचं असतं. सेहरीला एक जण उठला नाही म्हणून अख्खं घर झोपलंय असं आपण म्हणत नाही. इथे मात्र स्क्रीन उठली नाही की आपण मशीनच मेलं म्हणतो.

काळ्या स्क्रीनवर आधी कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो? मग कर्नल जागा आहे, संशय ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकत्र दाबून टेक्स्ट लॉगिन येतं का बघा. दिवा हललाच नाही, तर पॉवर बटण दाबून धरा, बंद करून पुन्हा सुरू करा आणि टर्मिनलमध्ये जर्नलसीटीएल ही आज्ञा वापरून मागच्या बूटची नोंद उघडा. शेवटी 'सस्पेंड एन्ट्री' आहे आणि 'सस्पेंड एक्झिट' नाही, तर गडबड झोपताना किंवा उठतानाच झाली.

त्याच ओळीत झोपेचा प्रकारही दिसतो: 'डीप' किंवा 'एस-टू-आयडल'. दुसऱ्यात प्रोसेसर पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे बॅगेतला लॅपटॉप तापतो, बॅटरी उतरते. सिस फोल्डरच्या पॉवरमधल्या मेम-स्लीप फाइलमध्ये चौकटी कंसात चालू प्रकार असतो. दोन्ही दिसत असतील तर दुसरा लावून बघा. बदल रीस्टार्टपर्यंतच टिकतो, म्हणून बिनधास्त करा. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये 'डीप' नसतोच, तिथे हट्ट करू नका. नवा कर्नल आणि बायोसचं अपडेट बघा, पण एका वेळी एकच बदल. दोन एकदम केले तर कशाने सुधारलं ते कधीच कळत नाही.

दुकानदाराशी बोलण्याआधी पेनड्राइव्हवरून ताजं लिनक्स चालवून तिथे सस्पेंड करा. लॅपटॉप उठला, तर मदरबोर्ड शाबूत. नाही उठला, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आणि हे सगळं होईपर्यंत झाकण मिटण्याआधी फाइल सेव्ह करा. सस्पेंड म्हणजे सेव्ह नव्हे.

तरीही अडलं, तर आपल्या लिनक्सच्या बग ट्रॅकरवर कळवा. मोडकं इंग्रजी चालतं. मॉडेल, कर्नल आणि बायोसची आवृत्ती, नोंदीतल्या शेवटच्या ओळी मात्र बिनचूक हव्यात. आता ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी पुढे या, चार्जर घेऊन.