मुलाण्याची सुरी

शिकारीवर बोलायला बसलेला माणूस वाघाची, निदान डुकराची तरी गोष्ट सांगणार, अशी आपली अपेक्षा असते. माझ्याजवळ वाघ नाही. एक ससा आहे आणि वीतभर पात्याची एक सुरी आहे. ससा १९८० सालचा. सुरी अजून घरात आहे.

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं, सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी अंगाचं. येरळा नदी साताऱ्याच्या खटाव तालुक्यातून आमच्याकडे येते आणि पुढे ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. माझ्या लहानपणी पावसाळ्याचे दोन महिने सोडले तर तिच्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त असे. दोन्ही बाजूंना माळ. कुसळी गवत, तरवड, बोरी-बाभळी आणि त्यात ससे, तित्तर, लावे. शिमगा झाला, शाळू काढून झाला, की रानात आडोसा उरत नसे. मग पाटलांच्या वाड्यातून निरोप यायचा : उद्या पारध आहे.

शब्दांशी खेळायची मला खोड आहे, म्हणून एवढं सांगून टाकतो. ‘शिकार’ हा शब्द फारसीतून आला. ‘पारध’ आपला, जुना. व्युत्पत्तिकार तो संस्कृत ‘पापर्धि’पर्यंत नेतात. पापर्धि म्हणजे पापाची वाढ. नाव ठेवतानाच ज्यानं कबुली देऊन टाकली तो माणूस कोण असेल, याचं मला नेहमी कुतूहल वाटतं. आणि पापाची कबुली दिल्यावर माणूस जे करतो तेच त्या पारधीत ठायी ठायी दिसे. तो नियम घालून घेतो.

सामान फारसं नसे. पहिली वाघर. अंबाडीच्या सुतळीची, कमरेइतकी उंच, पंधरा-वीस हात लांब जाळी. धनगर लोक रात्री मेंढरं कोंडायला जी वापरतात तिलाही वाघरच म्हणतात. एकच शब्द, एकीकडे जीव राखायला आणि दुसरीकडे धरायला. ती बारीक काठ्यांवर अलगद टेकवून ठेवायची. जोरात पळत आलेला ससा धडकला की काठ्या सुटून जाळी अंगावर पडायची. घट्ट बांधली तर ससा आपटून मागे फिरतो. वाघर लावणारा माणूस हाताचा हलका लागे.

दुसरी बंदूक. पाटलांच्या घरची ठासणीची. शेतीच्या राखणीसाठी परवाना मिळालेली. बैलाच्या पोकळ शिंगात दारू, त्याला लाकडी बूच. मापानं दारू ओतायची, वर काथ्याचा नाहीतर चिंधीचा बोळा गजानं ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, शेवटी घोड्याखाली टोपी. एवढं करून एक बार. तो हुकला की पुन्हा पहिल्यापासून. तोपर्यंत ससा खटाव तालुक्यात पोचलेला असे. आजच्या बंदुका पाहिल्यावर वाटतं, त्या ठासण्याच्या वेळात जनावराला जेवढी संधी मिळत होती तेवढी पुढे कुणी दिली नाही.

तिसरा कुत्रा. मुधोळ आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या लांब तोंडाच्या, सडपातळ कुत्र्यांची जात इतकी नावाजलेली, की २००५ साली टपाल खात्यानं तिच्यावर तिकीट काढलं. पाटलांकडे त्या रक्ताचं म्हणून एक कुत्रं होतं. ते धावे खरं, पण ऐकत कुणाचंच नसे. शिकारी कुत्र्याचा मान मात्र आमच्या भागात मोठा. साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघ चालून आला, खंड्या भुंकला, महाराज वाचले, म्हणून त्याला जहागीर आणि पालखी दिली असं सांगतात. त्याचं दगडी शिल्प आहे तिथं. साताऱ्याला गेलात तर बघून या.

आणि चौथी ही सुरी.

आम्ही मुलाणी. गावातल्या बकऱ्यावर, कोंबड्यावर सुरी फिरवण्याचं काम आमच्या घराकडे. घर मराठ्याचं असो, धनगराचं असो, देवीच्या जत्रेतला नवसाचा बकरा असो, मुलाण्याशिवाय मटण शिजत नसे. ग्रँट डफ साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी होता. १८२६ साली त्यानं मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात गावकामगारांची जी यादी दिली आहे तिच्यात मुलाणाही आहे. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी परक्या माणसाच्या नजरेतही आम्ही सुतार-लोहारांच्या पंगतीत बसलेलो होतो. कामाचं बलुतं मिळे. शिकार निघाली की आजोबांनाही जावंच लागे. आमच्याकडे आजोबांना दादा म्हणतात.

सकाळी शिवेवरच्या म्हसोबाजवळ सगळे जमत. नारळ फुटे, बंदुकीच्या नळीला भंडारा लागे, उदाचा धूर दाखवला जाई. पाटील भंडाऱ्याची चिमूट घेऊन दादांकडे येत. दादा कपाळ पुढे करत नसत. कमरेची सुरी मुठीकडून पुढे करत. पाटील मुठीला भंडारा लावत. दोघांत याबद्दल कधी बोलणं झालेलं मी ऐकलं नाही. दोघांच्या वडिलांनीही बहुधा असंच केलं असावं. मग हाकेकरी अर्धगोल करून निघत. त्यानंतर सशाला ससा म्हणायचं नाही. ‘कानवाला’ म्हणायचं. माझ्या हातात तांब्या असे, पाण्याचा. माझं काम तेवढंच, पण पाणी सांडलं तर दादा परत विहिरीवर पाठवत.

सुरीचे नियम दादांनी मला चालता चालता सांगितले. धार आदल्या दिवशी शिकलगाराकडून करून आणायची, जनावरासमोर कधी नाही. पातं त्याला दिसता कामा नये, म्हणून ते फडक्यात गुंडाळलेलं. एकासमोर दुसऱ्यावर सुरी फिरवायची नाही. तोंडात पाण्याचे दोन थेंब. मान पश्चिमेकडे. अल्लाहचं नाव घेऊन एकदाच, हात न उचलता. आणि सगळ्यात महत्त्वाचं : जीव असताना. कुराणाच्या पाचव्या सुरेत शिकवून तयार केलेल्या जनावरानं धरलेल्या शिकारीला सवलत आहे. पण पाटलांचं कुत्रं शिकवलेलं होतं असं त्याच्या मालकालाही म्हणवलं नसतं. बंदुकीच्या छऱ्यानं मेलेलं आमच्याकडचे मौलवी धरत नाहीत. म्हणजे बार उडाला की सगळे बघत उभे राहत आणि साठी उलटलेला एक माणूस धोतराचा काचा धरून काट्याकुट्यातून धावत सुटे. श्वास संपायच्या आत सुरी पोचली पाहिजे. हसू नका. मला ते दृश्य अजून दिसतं.

असे नियम फक्त आमचेच होते असं नाही. फासेपारधी लोकांचे फासे याहून नाजूक आणि त्यांच्या रीती याहून कडक. त्यांच्या फाशात गाभण मादी किंवा पाडस अडकलं तर ते सोडून देतात, असं माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी आपल्या अभ्यासात नोंदवलं आहे. ज्यांना इंग्रजांनी कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यांची ही रीत.

आता १९८० चा ससा.

मी दहा वर्षांचा होतो. दिवस रिकामा चालला होता. दोनदा वाघर चुकवून ससे निसटले, एक बार हुकला. दुपारी पिंपरणीखाली भाकरी, ठेचा आणि कांदा खाऊन लोक उठले ते बळंच. पाटलांच्या वाड्यावर त्या दिवशी लेकीच्या सासरचे पाहुणे होते. त्यांना रानातलं खाऊ घालायचं कबूल केलेलं होतं. ऊन कलताना ओढ्यापलीकडे एक उठला आणि पाटलांचा बार लागला.

दादा धावले. ओढ्यात त्यांचा गुडघा धरला. मी तांब्या घेऊन पुढे पळालो आणि सशाजवळ पहिला पोचलो. तो कुशीवर पडला होता. डोळा उघडा, काचेसारखा. वारा होता, कानावरची लव हलत होती. मागून दादांनी विचारलं, “है क्या जान?” मी म्हणालो, “है. कान हिलाया.”

कान हलला नव्हता. मला मटण हवं होतं. आमच्या वाट्याला मुंडी आणि पाटलांच्या मनात आलं तर एक मांडी यायची, आणि घरात महिनाभर तसलं काही शिजलं नव्हतं.

दादा आले, बसले. सशाच्या छातीवर हात ठेवला आणि ठेवलाच. मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी तांब्यात बघत राहिलो.

“गेलंय,” ते म्हणाले.

एव्हाना पाटील पोचले होते. “आत्ता तर पडलंय, मुलाणी. फिरवा सुरी.”

“अण्णा, गेलंय.”

“पोरगं तर म्हणतंय कान हलला.”

दादा काही बोलले नाहीत. माझं खोटं त्यांनी उघडं केलं नाही आणि वापरलंही नाही. पाटलांनी आवाज उतरवला. “पाव्हणं बसल्यात वाड्यावर. हितं कोण बघाय लागलंय?”

दादांनी कोरडी सुरी फडक्यात गुंडाळली, कमरेला खोचली आणि उठताना गुडघ्यावर हात दाबला. “मेल्याला सुरी न्हाई लागत, अण्णा.”

थोडा वेळ कुणी बोललं नाही. पाटील गावचे पाटील होते. त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर सशाचं काहीही झालं असतं. त्यांनी वाघरवाल्याला हाक मारली आणि तिथंच ओढ्याकाठी खड्डा काढायला लावला. खड्डा बुजवून वर दगड ठेवला, कुत्र्यानं उकरू नये म्हणून. त्या रात्री वाड्यावर पाहुण्यांना पिठलं-भाकरी झाली. कारण विचारलं तेव्हा पाटलांनीच खरं सांगितलं, असं नंतर गावात कळलं. आमच्या घरीही पिठलंच होतं. दादांनी मला कधीही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे पुष्कळदा वाटलं.

हे सांगताना मला शिकारीचं कौतुक करायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चाच. लहान शिकारीला तेव्हा परवाना मिळत असे, आणि आमच्या त्या पारधीत तो कुणाकडेही नव्हता, हे कबूल करतो. १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्यांची ती सोयही बंद केली. ठीक केलं. नियम, रीती, वाटे यांनीच जनावरं राखली असती तर आमच्या माळांवर आज माळढोक दिसले असते. त्या कायद्यात ‘शिकार’ कशाला म्हणावं याची व्याख्या आहे. मारणं तर आहेच, शिवाय पकडणं, फासे लावणं, सापळा, हाका, आमिष दाखवणं, आणि यांतलं काहीही करण्याचा प्रयत्न. शिराळ्याच्या नागपंचमीतले जिवंत नाग न्यायालयापर्यंत गेले ते या व्याख्येमुळेच. मी ती वाचली तेव्हा वाटलं, आमच्या पाटलांच्या पडवीची यादीच कुणीतरी केली आहे. फक्त तांब्या राहिला आहे.

पाटलांची बंदूक अजून आहे. त्यांचा नातू माझा वर्गमित्र. निवडणूक लागली की तो ती पोलीस ठाण्यात जमा करतो आणि निकालानंतर घेऊन येतो. तिचं एवढंच चालणं-फिरणं. वाघर शेळ्यांच्या गोठ्याला लावलेली होती, ती कुजली. सुरी दरवर्षी बकरी ईदच्या आधी मी शिकलगाराकडे नेतो. मागच्या वेळी त्यानं पातं बोटावर तोललं आणि म्हणाला, “आता हे झिजत आलंय, सर. नवीन घ्या.” मी म्हटलं, एवढं वर्ष जाऊ दे.

गेल्या थंडीत गावी गेलो होतो. संध्याकाळी त्याच ओढ्याकडे चालायला गेलो. येरळेकडच्या बाजूला आता ऊस आला आहे, पण ओढ्यापलीकडे माळ शिल्लक आहे. दगड सापडला नाही. तरवडातून एक ससा उठला, दहा पावलं गेला आणि बसला. मी उभा राहिलो. माझ्या हातात पाण्याची बाटली होती. तो बराच वेळ तसाच बसून होता. मग त्याचा कान हलला.