दुपारी दोनचा तास



आजच्या अभ्यासवर्गात मी रेडिओबद्दल बोलणार म्हटल्यावर दोघी-तिघी हसल्या. केसेस एवढ्या तुंबल्यात आणि हे काय रेडिओपुराण! पण मला बोलायचंय ते वेळेबद्दल. बाईचा दिवस कसा कापायचा, हे कोण ठरवतं? त्यासाठी १९५०च्या सुमारचा ब्रिटनमधला एक दिवस घेऊ. बीबीसीचं ‘लाइट प्रोग्रॅम’ नावाचं केंद्र, आठवड्यातला कुठलाही कामाचा दिवस.

नवरा कामावर आणि मुलं शाळेत गेली की ९ वाजून १० मिनिटांनी ‘हाउसवाइव्ह्ज चॉइस’, म्हणजे गृहिणींची आवड. बायकांनी पोस्टकार्डावर गाणी कळवायची. १९४६ ते १९६७, एकवीस वर्षं हे चाललं. आवड बायकांची, निवेदक मात्र बहुतेक पुरुषच.

मग ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’. हा कार्यक्रम युद्धात, १९४० साली सुरू झाला तो कारखान्यांसाठी. तिथे बायका मोठ्या संख्येने राबत होत्या. त्यांचे हात मंदावू नयेत म्हणून एकसारख्या ठेक्याचं वाद्यसंगीत दिवसातून दोनदा लावायचे. युद्ध संपलं, पुष्कळ बायका कारखान्यांतून घरी आल्या, युद्धकाळात उघडलेली पाळणाघरं बरीचशी बंद झाली. संगीत तेवढं चालू राहिलं. फरक एवढाच, की कारखान्यात त्या ठेक्याला पगार होता आणि भोंगा झाला की सुटी होती. घरात दोन्ही नाही. रेशनिंग तर १९५४पर्यंत होतं, म्हणजे रांगाही होत्याच.

पावणेदोनला लहान मुलांसाठी ‘लिसन विथ मदर’. नावातच आई, बापाला कुणी धरलेलंच नाही! आणि दोन वाजता ‘वुमन्स अवर’. दोनच का? तर जेवणाची भांडी आटोपलेली असतात, मुलं अजून शाळेतून आलेली नसतात. बाईच्या दिवसातली एक फट शोधली आणि तीही भरून टाकली! ऑक्टोबर १९४६मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा निवेदक पुरुष होता. पण पुढे बायकांनी त्या तासाचं काय केलं पाहा. १९४०च्या दशकातच तिथे पाळी जाण्याच्या काळातल्या त्रासाबद्दल उघड बोललं गेलं. बीबीसीतल्या वरिष्ठांना ते लाजिरवाणं वाटलं. तो तास मात्र टिकला, आजही चालू आहे.

दुपारी चारच्या सुमारास ‘मिसेस डेल्स डायरी’. डॉक्टरची बायको रोजनिशी लिहिते आणि नवऱ्याची काळजी करते. मिसेस डेलचं काम करणारी एलिस पॉवेल जानेवारी १९४८पासून पंधरा वर्षं त्या घराचा आवाज होती. १९६३ साली तिला काढलं, तिच्या जागी दुसरी नटी आणली. मिसेस डेल चालू राहिली. एलिस पॉवेल त्याच वर्षी वारली. मला हे वाचून फार लागलं. बाई बदलली तरी ‘गृहिणी’ची जागा रिकामी राहत नाही.

रात्री नऊला ‘होम सर्व्हिस’वर बातम्या. त्या पुरुषाच्या आवाजात. १९३३ साली एका बाईला निवेदक नेमलं होतं, पण तक्रारी आल्यावर काही महिन्यांतच तिला बाजूला केलं. शिवाय १९३२ ते १९४४ लग्न झालेल्या बायकांच्या नोकरीवर तिथे बंधन होतं. दिवसभर बायकांशी बोलायचं आणि जगाचं काय चाललंय हे मात्र पुरुषांनी सांगायचं!

आता आपल्याकडे येते. आमच्या सल्लाकेंद्राची वेळ तीन वर्षं दुपारी दोन ते पाच होती. बायका मोकळ्या असतात ना तेव्हा! एमएसडब्ल्यू झालेल्या मला त्यात काही खटकलं नाही. मग एक घरकाम करणारी बाई चार महिन्यांनी आली. म्हणाली, “ताई, दोन वाजता मी तिसऱ्या घरची भांडी घासत असते. मी यायचं कधी?” चार महिने ती मार खात होती.

आम्ही बैठक घेतली, केंद्र रात्री साडेआठला उघडू म्हटलं. तेव्हा आमच्यातल्याच दोन कार्यकर्त्या म्हणाल्या, “आणि आमच्या घरी पोळ्या कोण लाटणार?” ती बैठक अजून संपलेली नाही. पुढची रविवारी आहे. किती वाजता, ते आज इथेच ठरवून टाकू.