खाकी एक, नोकऱ्या दोन

नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर, हदगाव, किनवट भागातली कितीतरी मुलंमुली भल्या पहाटे रस्त्याच्या कडेनं धावत असतात. भरतीची तयारी! पण पोलीस शिपाई आणि कारागृह शिपाई यांत फरक काय, हे अर्ज भरण्याआधी कळायला हवं.

पगारात फारसा फरक नाही. सातव्या वेतन आयोगानुसार दोन्ही पदांची वेतनश्रेणी 21,700 ते 69,100 रुपये आहे, शिवाय भत्ते. बारावीची अट, 50 गुणांची मैदानी आणि 100 गुणांची लेखी परीक्षाही सारखीच.

फरक आहे तो कामात. पोलीस शिपाई हिमायतनगरच्या परमेश्वराच्या यात्रेत बंदोबस्ताला उभा राहतो, रात्री गस्त घालतो, समन्स बजावतो. अटक केलेल्या आरोपीला 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. न्यायालयीन कोठडी मिळाली, की तो कारागृहात जातो. तिथं मोजणी, झडती, बराकींची कुलपं, नातेवाइकांच्या भेटी हे सगळं कारागृह शिपाई सांभाळतो. तारखेला न्यायालयात नेणारे मात्र पुन्हा पोलीसच.

कारागृहाच्या नोकरीला काही जण दुय्यम समजतात. मला ते मुळीच पटत नाही. पाळी संपेपर्यंत भिंतीआड, बंद्यांच्या गर्दीत डोकं शांत ठेवणं सोपं नाही.

एक गोष्ट घरच्यांशी आधीच बोलून घ्या. पोलीस शिपायाची भरती जिल्ह्यानुसार होते, कारागृह शिपायाची विभागानुसार. त्यामुळे नेमणूक नांदेडबाहेर, दूरच्या कारागृहातही होऊ शकते.