इशारा कोणाच्या नावावर?



परिषदेच्या अध्यक्षाने येत्या दहा वर्षांचे भाकीत सांगावे असा प्रघात आहे. आज तो बाजूला ठेवून आधी घडून गेलेल्या एका सकाळकडे वळू.

१ ऑगस्ट २०१२. न्यूयॉर्कचा शेअर बाजार साडेनऊला उघडणार होता. आठ वाजून एक मिनिटापासून नाइट कॅपिटल या दलाली कंपनीची यंत्रणा कर्मचाऱ्यांच्या एका गटाला आपोआप ईमेल पाठवू लागली. त्यांत एका चुकीचा उल्लेख होता: ‘पॉवर पेग डिसेबल्ड’. बाजार उघडेपर्यंत असे ९७ ईमेल गेले. ते कोणी मनावर घेतले नाहीत, कारण ते अलर्ट म्हणून ठरवलेलेच नव्हते आणि आल्यावर कर्मचारी ते सहसा वाचतही नसत.

नव्या प्रणालीचा कोड आठ सर्व्हरांवर चढवायचा होता, तो सातांवरच चढला. आठव्यावर ‘पॉवर पेग’ हा २००३ पासून वापरात नसलेला जुना कोड तसाच पडून होता आणि बाजार उघडताच तो जागा झाला. ग्राहकांच्या अवघ्या २१२ ऑर्डरींपोटी ४५ मिनिटांत चाळीस लाखांहून अधिक व्यवहार झाले. दुरुस्तीच्या घाईत तंत्रज्ञांनी बरोबर चालणाऱ्या सात सर्व्हरांवरूनच नवा कोड काढला, म्हणजे एका ठिकाणचा बिघाड आठही ठिकाणी पोचवला. नुकसान ४६ कोटी डॉलरच्या वर गेले. पुढल्याच वर्षी ही कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

या प्रकरणाची चर्चा होते तेव्हा बोट बहुधा त्या आठव्या सर्व्हरकडे जाते. पण अधिक बोलके आहेत ते ९७ ईमेल. यंत्रणेला काहीतरी खटकले होते आणि तिने ते बोलूनही दाखवले होते, दीड तास आधी.

मोठ्या संस्थांच्या सॉफ्टवेअरवर देखरेख ठेवणारी साधने आज मुबलक आहेत. १९९९ साली ईथन गाल्स्टाड यांनी ‘नेटसेंट’ प्रसिद्ध केले, तेच पुढे ‘नॅगिऑस’ झाले. साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ पासून ‘प्रॉमिथियस’ घडत गेले. ज्योती बन्सल यांची ‘अ‍ॅपडायनॅमिक्स’ ही कंपनी सिस्कोने २०१७ मध्ये ३७० कोटी डॉलर मोजून घेतली. साधनांची उणीव नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे टूल आहे’ या वाक्यात अभिमान बाळगण्यासारखे आता फारसे काही उरलेले नाही. भिंतीवरचा मोठा स्क्रीन तर पुष्कळदा पाहुण्यांसाठीच असतो.

साधन काय मोजते, हा पुढचा प्रश्न. सर्व्हरचा सीपीयू, मेमरी, डिस्क हे मोजणे सोपे, म्हणून तेच आधी मोजले जाते. महिनाअखेरीला बिले काढणाऱ्या लेखा विभागाला मात्र सीपीयूशी देणेघेणे नसते. ‘सेव्ह’ दाबल्यावर पडद्यावर चक्र गोल गोल फिरत राहते, तेवढेच त्यांना कळते. समजा, शंभर विनंत्यांपैकी ९५ दोनशे मिलिसेकंदांत पुऱ्या झाल्या आणि पाचांना प्रत्येकी बारा सेकंद लागले. सरासरी निघते ०.७९ सेकंद. अहवालात हिरवा रंग. आणि त्या पाच विनंत्या नेमक्या शेकडो ओळींची बिले असलेल्या सर्वांत मोठ्या ग्राहकांच्या असतात! म्हणून सरासरीच्या जोडीला ९५वा आणि ९९वा पर्सेंटाइल पाहायचा असतो, आणि तोही एकेका व्यवहारापुरता वेगळा. बिल करणे, पगार काढणे, माल उतरवून घेणे यांची सरमिसळ करून काढलेला आकडा कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

आता एक असे उदाहरण, ज्यात देखरेख करणारेच मुके झाले.

१४ ऑगस्ट २००३, अमेरिकेतील ओहायो राज्य. फर्स्टएनर्जी या वीजकंपनीच्या नियंत्रण कक्षातील अलार्मची प्रणाली दुपारी दोन वाजून चौदा मिनिटांनी अडकली. कारण सॉफ्टवेअरमधला एक सुप्त दोष. स्क्रीन चालू होते, फक्त नवा अलार्म येईना. अलार्म येत नाही म्हणजे सारे आलबेल, असे कक्षातल्या माणसांनी धरले, आणि इतर दिवशी त्यांचे ते गृहीतक बरोबरच असते. दरम्यान अलार्मचा सर्व्हर बंद पडला, पाठोपाठ त्याचा राखीव सर्व्हरही पडला. याचा संदेश आयटी विभागाला आपोआप मिळाला. त्यांनी तत्परतेने सर्व्हर पुन्हा चालू केला. अलार्म खरोखर वाजू लागले का, हे मात्र नियंत्रण कक्षाला विचारले नाही. आयटीच्या लेखी काम झाले होते. नियंत्रण कक्षाच्या लेखी काही बिघडलेच नव्हते.

त्याच तासाभरात उच्चदाबाच्या तीन वाहिन्या झाडांना टेकून एकामागून एक बंद पडल्या. सव्वाचारपर्यंत अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातील ओंटारिओ मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. दोन विभागांत एक फोन झाला असता तर सगळे टळले असते असा दावा कोणी करू नये, पण कक्षातली माणसे तासभर आधी सावध झाली असती.

आपल्याकडे वळू. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातले व्यवहार ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले, ते दुपारी पावणेचारला सुरू झाले. दूरसंचार जोडण्यांतील बिघाड आणि त्यातून कोलमडलेली साठवण यंत्रणा ही त्याची तांत्रिक कारणे. त्यानंतर सेबीने मार्च २०२१ मध्ये काढलेले परिपत्रक या सभागृहातल्या प्रत्येकाने वाचण्याजोगे आहे. महत्त्वाची प्रणाली बंद पडली तर ३० मिनिटांत ती आपत्ती म्हणून घोषित करायची, असे बंधन त्यात आले. नियामकाने इथे सर्व्हरबरोबर माणसांनाही घड्याळ लावले. बिघाड दिसूनही ‘आणखी दहा मिनिटे पाहू’ म्हणणारी वॉर रूम ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना या ३० मिनिटांचे मोल वेगळे सांगायला नको.

देखरेखीचा अतिरेकही महागात पडतो. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय रखडले. राष्ट्रीय भुगतान निगमाच्या तपासात निघाले की व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा लोंढा आला होता. काही बँकांच्या प्रणाली जुन्या व्यवहारांबद्दलही पुन्हा पुन्हा विचारत होत्या. पैसे पोचले का, हे विचारण्याच्या गर्दीत पैसे पोचणेच थांबले. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून प्रत्येक अ‍ॅपवर दिवसाला ५० वेळाच शिल्लक पाहण्याची मर्यादा आली.

कार्यालयांत हाच अतिरेक अलर्टच्या रूपाने दिसतो. रात्रपाळीच्या फोनवर शेकडो संदेश येतात, त्यांतले बहुतेक सकाळपर्यंत आपोआप मिटतात. महिनाभरात तो फोन उलटा ठेवण्याची सवय लागते. हा आळस म्हणायचा का? खोटे बोलणाऱ्या यंत्रावरचा विश्वास उडणे अगदी स्वाभाविक आहे. गुगलच्या अभियंत्यांनी २०१६ च्या आपल्या पुस्तकात लावलेली कसोटी कठोर आणि योग्य आहे: ज्यावर माणसाने लगेच काही करायचे नाही, त्यासाठी माणसाला उठवू नये.

बहुतेक संस्थांत उठवायचे कोणाला, याचे उत्तर ‘टीमला’ असे असते. सामाईक ईमेल पत्ता, चाळीस जणांचा गट, आणि बारभाईचा कारभार. नाइट कॅपिटलचे ९७ ईमेल अशाच एका गटाला गेले होते. त्यामुळे नवे साधन घेण्याचा प्रस्ताव मांडणाऱ्या व्यवस्थापकाला संचालक मंडळाने किमतीच्याही आधी विचारावे: जुन्या साधनाने गेल्या वर्षी दिलेल्या इशाऱ्यांपैकी किती इशारे किती जणांनी उघडून पाहिले?

या परिषदेत दोन दिवस नव्या उत्पादनांची प्रात्यक्षिके होतील. ती जरूर पाहावीत. पण आपापल्या कचेरीत परतल्यावर पहिल्या आठवड्यात, खरेदीचा कागद पुढे सरकण्यापूर्वी, सध्याच्या सर्व अलर्टची यादी छापून घ्यावी. प्रत्येकासमोर एका माणसाचे नाव आणि त्याने करायची पहिली कृती लिहावी. ज्यांच्यासमोर नाव लिहिता येणार नाही, ते अलर्ट त्याच दिवशी बंद करावेत. आणि अलार्मची यंत्रणा स्वतः जिवंत आहे का, हे रोज तपासणारा एक माणूस नेमावा, त्याचे नाव यादीत सर्वांत वर असावे.