शेवटचा स्वार
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



नववर्षाच्या उंबरठ्यावर संकल्पांविषयी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाच्या कार्यवाहांनी मला आज्ञा केली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक. विद्वत्तेचे व्याख्यान देणे माझ्या आवाक्यातील नव्हे. परंतु निवृत्तीनंतर साताऱ्यातील एका सायकल संघाचा मी सभासद झालो, आणि गेल्या वर्षी त्या संघात माझ्या हातून एक चूक घडली. त्या चुकीतून मला जो बोध झाला, तो आपणांपुढे ठेवावा एवढ्याच हेतूने मी उभा आहे. विषय सायकलीचा आहे. तरी तो आपल्या मंडळाच्याही उपयोगी पडेल, असे मला वाटते.

सायकलीशी माझा परिचय जुना आहे. माझ्या लहानपणी तासाच्या भाड्याने सायकल मिळे. सीटवर बसल्यास पाय पोहोचत नसत, म्हणून नळीखालून एक पाय पलीकडे घालून, अंग वाकडे करून आम्ही ती चालवावयास शिकलो. गुडघे फोडून घेतल्यावाचून आमच्यापैकी कोणालाही सायकल आली नाही. पुढे नोकरी लागली, तेव्हा हप्त्याने घेतलेल्या काळ्या सायकलीवरून मी रोज शाळेच्या गावी जात असे. कॅरिअरला डबा आणि तपासावयाच्या वह्या, टायरला घासून घरघरणारा डायनामो, पावसाळ्यात चिखलाने गच्च भरलेले मडगार्ड, हा माझा संसारच होता म्हणा ना! रात्री दिव्यावाचून किंवा डबलसीट जाताना पोलिसाने अडवावे, हाही त्या काळचा नित्याचा प्रसंग. पुढे स्कूटर आली, मोटारसायकल आली, आणि सायकल जिन्याखाली गेली. ज्या वाहनाने आपल्यापैकी कित्येकांना शाळेपर्यंत आणि नोकरीपर्यंत पोहोचविले, त्यालाच आपण गरिबीची खूण मानू लागलो.

निवृत्तीनंतर रक्तातील साखर वाढली, डॉक्टरांनी व्यायाम करावयास सांगितला, आणि माझी पावले पुन्हा सायकलीकडे वळली. आमचा संघ लहान आहे. दर रविवारी पहाटे साडेपाच वाजता आम्ही पोवई नाक्यावर जमतो. कधी सज्जनगडाच्या पायथ्याशी जातो, कधी ठोसेघरला, कधी वाईला, आणि अंगात बळ असेल त्या दिवशी यवतेश्वरचा घाट चढून कासला. मंडळीत बँकेतील अधिकारी आहेत, गवंडीकाम करणारे गृहस्थ आहेत, किराणा दुकानदार आहेत, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुली आहेत. कोणाची सायकल महागड्या गिअरची, तर कोणाची वडिलांच्या वेळची. पंक्चर झाले की सर्वांचे हात सारखेच काळे होतात.

येथे एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो. आपण आज ज्ञातीच्या व्यासपीठावर जमलो आहोत. मंडळाने गरजू मुलांसाठी जे कार्य केले, त्याचा मला अभिमान आहे. तथापि आमच्या सायकल संघात कोणी कोणाचे आडनाव विचारीत नाही. याच साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली ठेवून वसतिगृह चालविले, आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. त्या शहरात राहून आम्ही एकमेकांच्या डब्यातील पोहे खावेत, यात नवल नाही. नवल एवढेच की, असा ज्ञातीबाहेरचा स्नेह जोडण्यास माझ्यासारख्याला साठी उलटावी लागली.

आता माझ्या चुकीकडे वळतो. गेल्या वर्षीच्या १ जानेवारीस आमच्या संघातील तरुणांनी एक नवी प्रथा सुरू केली. प्रत्येकाने वर्षभरात किती किलोमीटर सायकल चालवावयाची, तो आकडा जाहीर करावा, आणि मोबाईलवर सर्वांना दिसेल अशी नोंद ठेवावी. कोणी दोन हजार लिहिले, कोणी तीन हजार. मला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, मी पाच हजार लिहिले! आठवड्यास जवळजवळ शंभर किलोमीटर. प्रारंभी उत्साह होता. हळूहळू मात्र मी सायकल चालवीनासा झालो आणि आकडा चालवू लागलो. ताप अंगात असता बाहेर पडू लागलो. वाटेत कोणी थांबले, तर मनातल्या मनात घड्याळ पाहू लागलो. विद्यार्थ्यांच्या पालकांना ज्या गोष्टीबद्दल मी आयुष्यभर उपदेश केला, तीच गुणांची हाव या वयात मला जडली.

श्रावणातील एका रविवारी आम्ही चौदा जण कासला निघालो. साताऱ्यापासून कास सुमारे पंचवीस किलोमीटर. वाट चढणीची, त्यात पाऊस आणि दाट धुके. सर्वांत मागे राहून मंडळींवर लक्ष ठेवण्याचे काम वयपरत्वे माझ्याकडे असे. त्या दिवशी माझा आकडा मागे पडला होता. म्हणून मी पुढच्या मंडळींबरोबर गेलो. मागचे येतीलच, अशी मनाची समजूत घातली. वर पोहोचल्यावर एका टपरीवर चौदा चहा सांगितले. तेरा उचलले गेले. एक कप फळीवर तसाच राहिला. त्या कपावर साय धरली, तेव्हा कोठे आमच्या ध्यानात आले की, आमच्या एक भगिनी आलेल्याच नाहीत.

त्या बाई एका कार्यालयातून निवृत्त झालेल्या. पती वारल्यावर घरात मन रमेना, म्हणून पंचावन्नाव्या वर्षी त्या सायकल शिकल्या आणि संघात आल्या. घाटात त्यांची चेन तुटली होती. धुक्यात त्यांनी हाका मारल्या, त्या कोणाला ऐकू गेल्या नाहीत. मोबाईल लागेना. शेवटी पावसात सायकल हाताने ढकलीत त्या घाट उतरल्या आणि दुधाच्या एका टेंपोने घरी गेल्या. आम्ही मागे फिरून त्यांना वाटेवर शोधीत होतो, तेव्हा त्या घरी पोहोचल्या होत्या. सुदैवाने अपघात झाला नाही; एवढेच.

पुढील तीन रविवार त्या आल्या नाहीत. चौथ्या दिवशी नव्हे, चौथ्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो, हे सांगताना मला लाज वाटते. मी क्षमा मागितली. त्यांनी चहा केला आणि शांतपणे म्हणाल्या, “गुरुजी, शाळेच्या सहलीला आपण मुले मोजून गाडीत बसवीत होता ना? मग आम्हांलाच मोजावयास कसे विसरलात?”

मित्रहो, चौतीस वर्षांच्या नोकरीत मी एकही मूल सहलीत हरवू दिले नाही. जाताना मोजत असे, येताना मोजत असे. ती सवय एका आकड्याच्या मोहाने माझ्याकडून सुटली. वर्षअखेर माझे पाच हजार किलोमीटर भरले नाहीत. परंतु भरले असते, तरी त्यांचा मला आनंद झाला नसता.

यावरून कोणी असे समजू नये की, मोठे ध्येय ठेवणे वाईट आहे. मुंबईहून १९२३ साली सहा पारशी तरुण सायकलीवरून जगप्रवासास निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे वाळवंटे आणि अरण्ये तुडवून १९२८ साली परत आले. अमेरिकेचे एक टोक ते दुसरे टोक अशी सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी जोडीने पूर्ण केली. हे पराक्रम आपल्या मुलांनी अवश्य जाणावेत.

ज्यांना दूरच्या पल्ल्याची हौस आहे, त्यांच्यासाठी ‘ब्रेव्हे’ नावाचा एक उत्तम प्रकार आहे. तो मूळ फ्रान्समधला. आता आपल्याकडील अनेक शहरांत होतो. त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पुरे करावयाचे असतात. ही शर्यत नव्हे. पहिल्या-दुसऱ्याचे बक्षीस नाही. वेळेत जो पोहोचला, तो उत्तीर्ण. मला ही पद्धत शिक्षक या नात्याने फार आवडते. मात्र तेथवर पायरीपायरीने जावे. एका आठवड्यातून दुसऱ्यात एकदम मोठी उडी घेऊ नये. सीट इतकी उंच असावी की, टाच खालच्या पायडलवर टेकली असता पाय सरळ व्हावा; सीट खाली ठेवल्याने पुष्कळांचे गुडघे दुखतात आणि दोष वयाला दिला जातो! चढ लागण्यापूर्वीच गिअर हलका करावा, घाट उतरताना ब्रेक एकसारखा दाबून धरू नये, आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. हेल्मेट आणि पुढचा-मागचा दिवा यांवाचून पहाटे बाहेर पडू नये.

आता येत्या वर्षाचे आमच्या संघाचे संकल्प सांगतो. पहिला: निघताना, विश्रांतीच्या जागी आणि परतल्यावर माणसे मोजावयाची, मोजणी पुरी झाल्यावाचून चहा सांगावयाचा नाही. दुसरा: दर रविवारी पाळीपाळीने एकाने शेवटचा स्वार व्हावयाचे. पंप, पंक्चरचे साहित्य आणि चेन जोडण्याचे हत्यार त्याच्याजवळ राहील, आणि त्याच्या मागे कोणीही असणार नाही. तिसरा: मोबाईलवरील यादीत किलोमीटरांऐवजी हजेरीची नोंद करावयाची. वर्षाच्या बावन्न रविवारांपैकी चाळीस रविवार आला, तो आमचा मानकरी. मग तो दहा किलोमीटर गेला असो वा शंभर. चौथा: प्रत्येक सभासदाने वर्षभरात एका तरी व्यक्तीस सायकल शिकवावयाची. या चौथ्या संकल्पाची सूचना त्या भगिनींचीच. होय, त्या परत आल्या आहेत. पहिल्या रविवारी शेवटचा स्वार होण्याचा मान त्यांनी स्वतः मागून घेतला.

अध्यक्ष महाराज, आता मंडळास एक नम्र विनंती. दरवर्षी या व्यासपीठावर आपण नव्वद टक्के गुण मिळविणाऱ्यांचा नारळ आणि शाल देऊन गौरव करतो. तो योग्यच आहे. पण आपण पुढचे स्वार मोजतो. मागे कोण राहिले, याची मोजणी कोण करतो? शाळा लांब म्हणून आठवीनंतर घरी बसलेल्या मुली आपल्याही ज्ञातीत आहेत. त्यांची नावे आपल्या अहवालात येत नाहीत. बिहार राज्यात २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना निघाली. अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. आणि शाळा तीन किलोमीटरांहून लांब असलेल्या गावांत हा लाभ विशेष होता. आपल्या अनेकांच्या जिन्याखाली सायकली गंजत पडल्या आहेत. त्या मंडळाकडे द्या. आमच्या संघातील मंडळी त्यांची टायर-ट्यूब, ब्रेक आणि चेन विनामूल्य दुरुस्त करून देतील. त्या ज्या मुलींना द्याल, त्या केवळ आपल्याच ज्ञातीच्या असाव्यात असा आग्रह मी धरणार नाही; आपणही धरू नये, अशी माझी प्रार्थना आहे. वाटेवर मागे राहिलेल्याची जात विचारण्याचा प्रघात आमच्या संघात नाही.

पुढील संमेलनात मी जिवंत आणि धडधाकट असेन, तर किती किलोमीटर चाललो हे मला विचारू नका. किती सायकली जिन्याखालून बाहेर निघाल्या, आणि किती मुली शाळेत पोहोचल्या, हे विचारा. उत्तर देण्यास मी याच जागी उभा राहीन.