यहुदी धर्मात आईबापांचा मान



आईबापांचा मान राखणे ही यहुदींच्या दहा आज्ञांपैकी पाचवी आज्ञा होय. तालमूदमध्ये तिचे दोन भाग सांगितले आहेत. त्यांना अन्नवस्त्र देणे, हात धरून नेणे-आणणे हा मान. त्यांच्या जागेवर न बसणे, त्यांचे बोलणे न खोडणे ही अदब.

याचे उदाहरण म्हणून रब्बींनी अश्कलोनच्या दामा बेन नेतिनाचे नाव घेतले. तो यहुदी नव्हता. रत्ने घेण्यास गिऱ्हाईक दारी आले. परंतु किल्ली झोपलेल्या वडिलांच्या उशाखाली होती. त्याने मोठा नफा सोडला, वडिलांना उठविले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या आपण पदवीधर व्हाल. त्या दिवशी न शिकलेल्या आईबापांचे बोलणे चारचौघांत खोडू नका.